दोन्ही पात्यांत दवंडी

माझ्या भावानं चार वेळा प्रायश्चित्त घेतलं आणि चारही वेळा स्वयंपाक मी केला, तेव्हा या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते. पहिल्या वेळी मी स्वतः उपास धरून पुरण घातलं. चौथ्या वेळेपर्यंत शास्त्रीबुवाच म्हणू लागले होते की ताई, ऊन वाढलंय, या खेपेला श्रीखंड करा.

भाऊ म्हणजे उमाशंकर, माझा धाकटा भाऊ. मी रुक्मिणी. लग्न होऊन धारला आले, लौकरच एकटी झाले आणि सासरच्या घराच्या दोन खोल्यांत राहिले. भाऊ देवासला मोठ्या हुद्द्यावर होता. देवासचं ज्याला माहीत नाही त्याला सांगावं लागतं, की तिथं गाव एक नि राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातला मोठा रस्तासुद्धा मधोमध वाटलेला. अलीकडे एकाचा हुकूम, पलीकडे दुसऱ्याचा. भाऊ कोणत्या पातीत होता ते मी लिहीत नाही. दोष पातीचा नव्हता, भाऊचा होता.

संवत छप्पनच्या दुष्काळानंतर चार वर्षांनी तिकडे प्लेग आला. साथीच्या बंदोबस्तावर भाऊला नेमलं. ज्या घरात उंदीर मरेल ते घर त्याच दिवशी रिकामं करायचं, माणसांना गावाबाहेर झोपड्यांत न्यायचं, असा हुकूम त्यानंच काढला. बाळंतिणी, म्हातारी, कुणाला सूट नाही. लोक रडले, पाया पडले, पण भाऊ हलला नाही. त्याची शिस्त सगळ्या माळव्यात वाखाणली गेली आणि इकडे धारला मीही चार बायकांत मान ताठ ठेवून बसू लागले.

मग भाऊच्या घरात उंदीर मेले.

भाऊची सून सरला तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि पौषाची थंडी होती. तिचं माहेर समोरच, रस्ता ओलांडला की आठ-दहा घरं सोडून, पण दुसऱ्या पातीत. पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते यात कुणाला काय वावगं दिसणार? भाऊनं उंदीर मागच्या परसात पुरले, सकाळी शेजारणीकडून सुनेची ओटी भरवली आणि तिला पलीकडे पोचवलं. स्वतः त्याच घरात राहून दुसऱ्यांची घरं रिकामी करवीत राहिला. पंधरा दिवसांत पलीकडच्या गल्लीत अकरा माणसं गेली. सहा महिन्यांनी मोलकरणीच्या तोंडून उंदरांची गोष्ट फुटली. भाऊची नोकरी गेली, पगडी गेली, भर बाजारात कुणीतरी शेण फेकून मारलं. वहिनी आधीच वारली होती. मुलानं तोंड फिरवलं. भाऊ माझ्याकडे आला.

इतकंच मला ठाऊक होतं. बाकीचं ठाऊक असतं तर पहिलंच पुरण मी घातलं नसतं.

धारला भाऊनं मिशा उतरवल्या, पंचगव्य घेतलं. जोडा सोडला. एक वेळ जेवू लागला. पहाटे मुंज तलावावर स्नान, मग टेकडीवर कालिकेला एकशे आठ प्रदक्षिणा. तळपाय फुटून रक्त यायचं आणि उंबऱ्यावर डाग पडायचे. ते पुसायची मी. सुरुवातीला पुसताना रडायची, हेही खरं.

हळूहळू लोक त्याच्या पाया पडू लागले. बापूसाहेब म्हणून इथले एक मोठे सरदार होते. त्यांनी त्याला देवळात बोलायला बसवलं. भाऊ आपल्या पापाबद्दल फार सुंदर बोलायचा. "माझ्यासारखा अधम मीच," असं म्हणाला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. शेजारची सुमनआत्या एकदाच कुजबुजली, "करून करून भागले आणि देवपूजेला लागले." मी तिच्याशी महिनाभर अबोला धरला. कारण त्या नमस्कारांतला चतकोर माझ्याही वाट्याला येत होता. पाणवठ्यावर मला वाट मिळायची. लबाडी करायचीच नाही असं ठरवलंय, तर हेही लिहायला हवं.

साथीला दोन वर्षं होऊन गेल्यावर, माघात एका दुपारी ओट्यावर एक बाई येऊन बसली. बरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. दोघींच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. देवासहून इंदूरपर्यंत कुणाच्या गाडीतून आल्या होत्या आणि पुढचा बराचसा रस्ता पायी. बाईनं नाव सांगितलं मालन, मुलीचं सुमंगला. जात जिनगराची, नवरा घोड्यांची खोगिरं शिवायचा. मी पाणी दिलं ते वरून ओंजळीत. तेव्हा तशी रीत होती. आज लिहिताना बरं वाटत नाही.

मी विचारलं, कुणाकडे आलीस? ती म्हणाली, "भाऊसाहेबांकडे. आमची एक चीज त्यांच्यापाशी राहिलीय."

मला वाटलं, कुठलं खोगीर असेल. मग ती बोलू लागली.

सरलाच्या माहेराच्या मागल्या बाजूला या जिनगराचं घर होतं. सुनेला पोचवायच्या दिवशी भाऊनं मालनच्या नवऱ्याला, मारुतीला, सामान न्यायला बोलावलं. मारुतीनं डोक्यावरून गादीची वळकटी नेली. पलीकडे उतरवताना वळकटीतून मेलेला उंदीर पडला. मारुतीनं परत येऊन भाऊला तसं सांगितलं. भाऊ म्हणाला, फेकून दे आणि बोलू नकोस. पाचव्या दिवशी मारुतीच्या काखेत गाठ आली, आठव्या दिवशी तो मेला. गल्लीत पटापट माणसं मरू लागली तेव्हा पलीकडच्या दरबारानं विचारणा केली, की आमच्याकडे रोग आला कुठून? मारुती महिन्याभरापूर्वी चामडं आणायला इंदूरला गेला होता. भाऊनं लेखी कळवलं, की रोग त्या जिनगरानं इंदूरहून आणला आणि लपवला. नुसतं कळवून थांबला नाही. दोन्ही पात्यांत दवंडी पिटवली.

मालननं ती दवंडी मला म्हणून दाखवली. आवाज न चढवता, पण शब्दन् शब्द पाठ. "ऐका हो ऐका. मारुती जिनगरानं इंदुराहून रोग आणला आणि लपवला. त्याच्या घरी कुणी जाऊ नये, आगपाणी देऊ नये, त्याच्या माणसांना दारात उभं करू नये."

नंतर भाऊचं बिंग फुटलं तेव्हाही चौकशीत त्यानं हेच धरून ठेवलं. उंदीर मी लपवले हे खरं, पण रोग पलीकडे आधीच होता, मारुतीचा. म्हणजे लपवल्याचं पाप तेवढं भाऊचं आणि अकरा मढी मारुतीच्या नावावर. गावात अजून त्या साथीला 'मारुतीचा प्लेग' म्हणत होते. सुमंगलाला राजगढच्या एका घरातून मागणी आली होती. पाहुणे देवासला उतरले, बाजारात बापाचं नाव निघालं आणि ते जेवण टाकून परत गेले. हे दुसऱ्यांदा झालं होतं.

मुलगी ओट्याच्या कडेला पाठ करून बसली होती. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

भाऊ टेकडीवरून परतला. त्याच्यामागे नेहमीप्रमाणे पाच-सात माणसं होती. मालनला पाहताच तो थबकला. तो, ब्राह्मण, एके काळचा अंमलदार, जिनगराच्या बाईपुढे धुळीत आडवा झाला. कुणीतरी 'धन्य' म्हणालं.

मालननं पाय मागे घेतले.

"हे सगळ्यांनी पाहिलं," ती म्हणाली. "कशापायी पडला ते कुणाला मालूम नाही."

घरात आल्यावर भाऊ खूप काही द्यायला निघाला. मुलीचं लग्न मी करून देतो म्हणाला. मारुतीचं श्राद्ध गयेला करतो म्हणाला. मालन सगळं ऐकून घेत होती, जसं फेरीवाल्याचं ऐकतात. मग म्हणाली, "भाऊसाहेब, आम्हाला नवीन काही नको. दवंडी जशी दिली तशी परत द्या. दोन्ही पात्यांत, ज्या ज्या दारात दिली होती त्या दारात. एवढं सांगायलाच आलो होतो." आणि मुलीला उठवून ती धर्मशाळेकडे गेली.

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटं घेत नव्हते.

"ताई, मी सगळं सोडलं," तो म्हणाला. "पगडी, जोडा, अन्न. अजून काय राहिलंय माझ्यापाशी?"

"खोटं तेवढं ठेवलंस."

तो बराच वेळ शास्त्र सांगत होता. प्रायश्चित्ताच्या संकल्पात ज्ञात आणि अज्ञात अशी सगळी पापं येतात, त्यात हेही आलं, ते पाप आता उरलंच नाही. मी रागीट बाई आहे. चार स्वयंपाकांचा शीण माझ्या अंगात होता. मी म्हटलं, संकल्प मीही चारदा ऐकलाय. त्यात कोणतं वर्ष, कोणता महिना, कोणती तिथी, नर्मदेच्या उत्तर तीरावर, कोणतं गोत्र, सगळं अगदी बारीकसारीक सांगता. पाप तेवढं घाऊक. मग भाऊनं खाली मान घालून खरं कारण सांगितलं. सरकारात खोटं लिहून दिलं होतं, ते कबूल केलं तर कैद होईल. आणि सरलाला कळेल की तिच्याच गादीतून ते गेलं. आणि शेवटी, अगदी हळू, म्हणाला की इथले लोक पुन्हा तोंडही पाहणार नाहीत.

मला त्याची दया आली. लहानपणी विहिरीच्या काठावर उडी मारायला उभा राहायचा आणि माझ्याकडे बघायचा, तसाच बसला होता. पण मी काही 'नको मारूस उडी' म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी एकाच बैलगाडीतून आम्ही चौघं देवासला निघालो.

दवंडी पिटवायला दरबारचा हुकूम लागतो आणि बडतर्फ माणसाला कोण हुकूम देणार? पण कुणाचं जनावर हरवलं तर त्याच्या मालकालाही दवंडी देता येते, अशी तिथली वहिवाट. त्या वहिवाटीवर भाऊच्या जुन्या पातीचा दवंडीवाला गणोजी तयार झाला. म्हातारा झाला होता. मारुतीची दवंडी त्याच्याच तोंडून गेली होती. तो म्हणाला, डफ मी वाजवतो, पण बोलायचं साहेबांनी. "एक बार या तोंडानं बोललो, ते अजून खारट लागतंय भिया."

सकाळची वेळ, बाजार नुकता उघडत होता. गणोजीनं डफावर थाप दिली. माणसं जमली, भाऊला ओळखून आणखी जमली. भाऊनं हात जोडले. देवळात बोलायचा तसा गोड, भरून आलेला आवाज लागला. म्हणाला, सज्जनहो, माझ्या हातून घोर प्रमाद घडला, या पापी जिभेनं एका निरपराध जिवाला...

गणोजीनं डफ थांबवला.

"साहेब, ही दवंडी नव्हे," तो म्हणाला. "गाय हरवली तर कुणाची गाय, कोणता रंग, कोणत्या खुंट्यावरून सुटली हे सांगावं लागतं. नुसतं गाय गाय म्हणून कुणाला काय गावणार?"

दोघं-चौघं हसले. मी मालनकडे पाहिलं. ती हसत नव्हती, वाट पाहत होती. भाऊनं जोडलेले हात सोडले, ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. मग बोलला तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. कोरडा, कचेरीतला.

"ऐका हो ऐका. मी उमाशंकर, साथीच्या बंदोबस्तावरचा अंमलदार होतो. माझ्या घरात उंदीर मेले, ते मी परसात पुरले. माझ्या घरची गादी मारुती जिनगराच्या डोक्यावर देऊन मी पलीकडे पाठवली. त्या गादीत मेलेला उंदीर होता, हे त्यानं मला सांगितलं. मी त्याला गप्प बसवलं. रोग त्यानं आणला नाही, मी पाठवला. त्याच्यावर पिटवलेली दवंडी खोटी होती."

आता कुणी हसलं नाही. गणोजीनं डफ वाजवला आणि पुढच्या चौकाकडे चालू लागला.

अलीकडची बाजू दुपारपर्यंत संपली. रस्त्याच्या मध्याशी गणोजी थांबला. त्याचा डफ पुढे जाऊ शकत नव्हता. पलीकडचा दवंडीवाला रघुजी आपल्या ओट्यावर बसला होता. हुकमाशिवाय वाजवणार नाही म्हणाला, आणि त्याचंही बरोबरच होतं. भाऊ मालनला म्हणाला, हुकूम मागतो, मिळाला की उद्या करू. मालन म्हणाली, "डफ नाही मेला होता, माणूस मेला होता. चला." आणि ती पुढे झाली.

मग डफाशिवाय एकेक दार. मालनला सगळी दारं पाठ होती. ती बोट दाखवायची, भाऊ उभा राहून बोलायचा. एका म्हाताऱ्याचे दोन मुलगे गेले होते. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं, आवाज न करता. एका बाईनं भांडी घासलेलं पाणी भाऊच्या अंगावर टाकलं. राख त्याच्या कानात गेली. तो पुसायला लागला तर मालन म्हणाली, अजून नऊ घरं आहेत.

एका दाराला कुलूप होतं. कुलपाला गंज चढला होता आणि ओट्यावर तुळस वाळून काडी झाली होती. भाऊ पुढे सरकू लागला. म्हणाला, इथं कुणी नाही.

"दवंडी दिली तेव्हा होते," मालन म्हणाली. "त्यांनीच मला पाणी नाकारलं. मारुतीनं मारलं असं समजून गेली ती माणसं."

भाऊ कुलपासमोर उभा राहिला आणि सगळं बोलला. मला तिथं बघवेना. मी रस्त्याच्या मातीकडे बघत होते. माझी दवंडी मात्र कुणी मागितली नव्हती, आणि मागितली असती तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं: पाणवठ्यावर मिळणारी वाट आणि ओंजळीत वरून ओतलेलं पाणी.

त्यानंतर सरलाचं माहेर. ती दारातच उभी होती, दोन वर्षांचं पोर कडेवर. माहेरची माणसं मागे. भाऊचा घसा बोलून बोलून बसलाच होता, शिवाय 'गादी' या शब्दाशी येऊन तो तीनदा अडला. चौथ्यांदा बोलला.

सरलानं विचारलं, "मामंजी, ती गादी माझी होती?"

"हो."

"आणि तुम्हाला कळल्यावरही मी तिच्यावर निजत होते?"

भाऊनं मान हलवली. तोपर्यंत हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. सुनेला वाचवण्यासाठी सगळं केलं म्हणायचा, पण उंदराचं कळल्यावर निरोप धाडला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून तिलाही त्याच गादीवर निजू दिलं होतं. तिची आणि पोराची सुटका झाली ती देवाची कृपा. सरलानं पोराचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं आणि आत गेली. त्या नातवाला भाऊनं पुन्हा पाहिलेलं नाही.

शेवटचं दार मालनचं स्वतःचं. दिवस कलायला आला होता. भाऊच्या तोंडून आता आवाज कमी नि हवा जास्त येत होती. सवयीनं तो दारासमोर उभा राहिला, तोंड उघडलं.

"इथं नको," मालन म्हणाली. "आम्हाला ठाऊकच होतं."

तेव्हा तो म्हणाला, "मालनबाई, झालं का?" सबंध प्रवासात तो तिला मालन, अगं मालन म्हणत आला होता.

"उद्या हाट आहे. तेव्हा हाटातही दिली होती. खेड्यापाड्यांची माणसं ऐकून आपापल्या गावी घेऊन गेली." एवढं बोलून ती आत गेली. पाणीही विचारलं नाही, आणि मला वाटतं भाऊनं दारात उभं राहून पाण्याचीच वाट पाहिली.

हाटात त्यानं तीन फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीला पलीकडच्या कचेरीचे शिपाई आले. जबानी झाली. भाऊनं सगळं पुन्हा लिहून दिलं, स्वतःच्या अक्षरात, काही न गाळता. पुढे खटला चालला आणि सहा महिन्यांची कैद झाली. धारला बापूसाहेबांनी कालिकेच्या देवळात दुसरा बोलणारा बसवला. पाणवठ्यावर मला आता वाट मिळत नाही. सुमनआत्या मात्र पहिल्यासारखी येऊन बसते.

वैशाखात सुमंगलाचं लग्न झालं. राजगढचीच माणसं परत आली. हाटातून बातमी तिकडे गेली होती. मालननं मला निरोप पाठवला, भाऊचं नाव त्यात नव्हतं. मी गेले. मांडवात मागे बसले आणि मालननं वाढलेलं जेवले. मुक्कामी परतल्यावर स्नान केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कैदखान्यात भाऊला भेटले. मिशा वाढल्या होत्या, पायांत कुणीतरी दिलेला जोडा होता. मी लग्नाला आले होते म्हटल्यावर तो गजांपाशी आला. कन्यादानाच्या वेळी भटजी मुलीच्या पणज्याचं, आज्याचं आणि बापाचं नाव तीन वेळा उच्चारतात. त्यानं तेवढंच विचारलं.

"मारुतीचं नाव घेतलं?"

"तीनदा."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. मांडवातून कुणी उठलं नाही."

त्यानं गज धरलेला हात सोडला आणि भिंतीशी जाऊन बसला. मालननं आपल्याबद्दल काही विचारलं का, हे त्यानं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं तेच सांगितलं असतं. तिनं विचारलं नव्हतं.